वाचकांचे प्रश्न: हा कोड कोणी वापरतंय का हो?

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी जाता जाता लिहून गेले होते की जो कोड कोणी वापरत नाही तो उडवून टाका, उगाच सांभाळत बसू नका. एवढंसं वाक्य, पण सगळ्यात जास्त पत्रं त्याच्यावरच आली, आणि त्यातली काही चांगलीच चिडलेली, "तुम्हाला बोलायला काय जातंय" छापाची. बरोबर आहे, बोलायला सोपंच आहे. म्हणून यावेळी अख्खा कॉलम त्यालाच दिलाय.

प्रश्न: ताई, आमच्याकडे सात वर्षं जुना प्रोजेक्ट आलाय, दोनेक लाख ओळी असतील आणि लिहिणारे सगळे सोडून गेलेत. बराच कोड कुठूनच कॉल होत नाही असं दिसतं. पण आमचे सीनियर म्हणतात चालत्या गाडीला खीळ घालू नकोस, पडलाय तर पडू दे, तुझ्याकडे जेवायला मागतोय का? मला त्यांचं पटतंही आणि नाहीही. अशा कोडचा नक्की त्रास काय?
(तीन वर्षं अनुभववाला, बॅकएंड)

उत्तर: जेवायला मागत नाही, पण तुमचा वेळ खातो ना. समजा उद्या तारखेचा फॉरमॅट बदलायचं काम आलं. तुम्ही ग्रेप मारला (सगळ्या फाइलींत शब्द शोधणारी कमांड), ४० जागा सापडल्या. त्यातल्या १८ जागा मेलेल्या कोडमधल्या आहेत हे त्या कोडवर लिहिलेलं नसतं, त्यामुळे तुम्ही चाळीसच्या चाळीस वाचता, बदलता, टेस्ट दुरुस्त करता, रिव्ह्यू करणारा बिचारा तेवढंच परत वाचतो, आणि या सगळ्याचा कुणालाच काही उपयोग नसतो. किंवा एखादी लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) अपग्रेड होत नाही म्हणून दोन दिवस डोकं फोडायचं आणि मग कळतं की तिला धरून बसलेली एकच फाइल आहे आणि ती फाइल कुणी इम्पोर्टच करत नाही, म्हणजे आपल्या कोडमध्ये घेतच नाही. हे रोजचं दुखणं झालं.

कधीतरी मात्र हाच पडलेला कोड उठून बसतो. तुमच्या सीनियरना नाइट कॅपिटलची गोष्ट सांगा. अमेरिकेतली शेअर ट्रेडिंग कंपनी. त्यांच्या ऑर्डर पाठवणाऱ्या सिस्टीममध्ये पॉवर पेग नावाचं एक फीचर होतं, ते वापरणं त्यांनी २००३ मध्येच थांबवलं, पण कोड तसाच राहिला. २००५ मध्ये किती शेअर झाले ते मोजून ऑर्डर थांबवणारा तुकडा कुणीतरी दुसरीकडे हलवला, आणि त्यानंतर पॉवर पेग नीट चालतं का हे परत कुणी तपासलं नाही. वापरात नसलेली गोष्ट कोण तपासणार! मग २०१२ मध्ये नवीन फीचर आलं आणि त्याच्यासाठी पॉवर पेगचाच जुना फ्लॅग (फीचर चालू-बंद करायची खूण) परत वापरला. नवीन कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता, चढला सातवर. १ ऑगस्टला बाजार उघडला, फ्लॅग चालू झाला, सात सर्व्हर शहाण्यासारखे वागले आणि आठव्याला त्या फ्लॅगचा नऊ वर्षांपूर्वीचा अर्थच माहीत होता. तो ऑर्डर पाठवत सुटला, थांबायचं कधी हे सांगणारा तुकडा तर हलवलेला. पुढचा भाग मला सगळ्यात जास्त बोचतो. गडबड बघून टीमने उरलेल्या सात सर्व्हरवरून नवीन कोड काढून टाकला, म्हणजे तिथेही जुना कोड जागा झाला. ४५ मिनिटांत ४० लाखांहून जास्त व्यवहार आणि ४६ कोटी डॉलरच्या वर नुकसान. पुढच्याच वर्षी कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

एरियन ५ रॉकेटचं पण तसंच. ४ जून १९९६ ला पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत फुटलं. दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेत एरियन ४ मधून उचललेला एक भाग होता, जो उड्डाणानंतरही थोडा वेळ चालू राहायचा. एरियन ४ ला त्याचा उपयोग होता, काउंटडाउन मध्येच थांबलं तर लवकर परत सुरू करता यायचं. एरियन ५ ला उडाल्यावर त्याचं काहीच काम नव्हतं. तरी तो चालला, आणि नवीन रॉकेटचा आडवा वेग जास्त असल्यामुळे ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत मावला नाही. बॅकअप यंत्रणेत अर्थात तोच कोड, तीही गेली.

तुमच्या प्रोजेक्टमध्ये रॉकेट नसेल. पण जुना फ्लॅग नवीन कामाला वापरणारं कुणीतरी नक्की असेल.

प्रश्न: मी पायथन प्रोजेक्टवर व्हल्चर (न वापरलेला कोड शोधणारं टूल) चालवून बघितलं तर ९०० च्या वर नावं आली, पहिली दहा तपासली तर सहा वापरात होती. मग टूल बंद केलं. ही टूल्स खरंच कामाची असतात का, की ग्रेपच बरा?

उत्तर: व्हल्चर म्हणजे गिधाड, नाव ठेवणाऱ्याला मानलं पाहिजे. पण हे गिधाड झोपलेल्या माणसाभोवती पण घिरट्या घालतं हे लक्षात ठेवायचं. ते करतं काय तर तुमच्या सगळ्या फाइल वाचून दोन याद्या बनवतं, कुठली नावं बनवली आणि कुठली नावं वापरली, आणि वजाबाकी करतं. बस. त्यामुळे ते दोन्हीकडून चुकतं. फ्रेमवर्क (प्रोजेक्टचा तयार सांगाडा) जी फंक्शनं परस्पर बोलावतं, म्हणजे सिग्नल हँडलर, कमांड, मॉडेलमधल्या फील्ड, ती सगळी त्याला बेवारस वाटतात, तुमची ती सहा नावं यातलीच असणार. आणि उलट, 'सेव्ह' नावाची तीन फंक्शनं असतील आणि वापरात एकच असेल तर ते तिन्ही वापरात आहेत असं धरतं, कारण ते फक्त नाव बघतं.

तर पहिली गोष्ट, ९०० ची यादी वरून वाचायला घ्यायची नाही. व्हल्चर प्रत्येक नावापुढे खात्रीची टक्केवारी देतं, १०० टक्के म्हणजे रिटर्नच्या खाली लिहिलेली ओळ वगैरे, जी कधी चालूच शकत नाही, ९० टक्के म्हणजे न वापरलेले इम्पोर्ट, आणि फंक्शनं, क्लास, व्हेरिएबल यांना ६०. आधी किमान खात्री ९० लावून चालवा, यादी एकदम आवाक्यात येईल, ती अर्ध्या दिवसात साफ होते. मग फ्रेमवर्कचे डेकोरेटर (फंक्शनच्या डोक्यावरची @ वाली खूण) वगळायला सांगा, जे खरंच वापरात आहे त्याची व्हाइटलिस्ट बनवा (ते स्वतःच बनवून देतं, तुम्ही फक्त छाटायची), आणि मग ६० टक्केवाल्यांना हात घाला.

दुसरी गोष्ट, टेस्टचं फोल्डर बाहेर ठेवून एकदा चालवा. ही माझी आवडती युक्ती आहे. कितीतरी फंक्शनं अशी असतात की त्यांना बोलावणारी जगात एकच जागा, त्यांची स्वतःची टेस्ट. फंक्शन कशासाठी तर टेस्ट आहे म्हणून, आणि टेस्ट कशासाठी तर फंक्शन आहे म्हणून. कव्हरेजचा आकडा (टेस्टमध्ये किती कोड चालला तो) झकास दिसतो आणि दोघंही कुणाच्या उपयोगाची नाहीत.

ग्रेपबद्दल विचारलंत. ग्रेप लागतोच, पण अ ने ब ला बोलावलं आणि ब ने अ ला, आणि बाहेरून दोघांनाही कुणी विचारत नाही, तर ग्रेपला दोघंही जिवंत दिसतात. व्हल्चरलाही. अशांना पकडायला सुरुवातीपासून, म्हणजे मेन फंक्शनपासून धागा धरून कुठे कुठे पोचता येतं ते बघणारं टूल हवं. गो भाषेत डेडकोड नावाचं टूल नेमकं हेच करतं, गोच्या टीमने स्वतः दिलंय. गोचा कंपायलर तर न वापरलेला इम्पोर्ट दिसला की बिल्डच करत नाही, सुरुवातीला फार राग येतो, नंतर दुसऱ्या भाषेत गेलं की त्याची आठवण येते. रस्ट नुसती वॉर्निंग देतं. जावास्क्रिप्ट आणि टाइपस्क्रिप्टला निप वापरा, ते न वापरलेल्या फाइल, एक्स्पोर्ट आणि पॅकेज तिन्ही दाखवतं, एंट्री फाइल (जिथून प्रोग्राम सुरू होतो त्या) कुठल्या ते नीट सांगितलं तरच हां, नाहीतर अर्धा प्रोजेक्ट मेलाय म्हणून सांगेल. स्विफ्टला पेरिफरी आहे.

आणि काही केलं तरी निसटतं ते स्ट्रिंग जोडून बनवलेलं नाव. 'एक्स्पोर्ट_' ला युजरने निवडलेला फॉरमॅट चिकटवून त्या नावाचं फंक्शन शोधून चालवायचं, असं कुणीतरी हुशारी करून लिहून ठेवलेलं असतं. मग 'एक्स्पोर्ट_सीएसव्ही' ग्रेप केलं की शून्य. म्हणून फंक्शन उडवायच्या आधी नाव तोडून शोधा, नुसतं 'एक्स्पोर्ट_' शोधा, नुसतं 'सीएसव्ही' शोधा, आणि फक्त कोडमध्ये नाही, टेम्प्लेट, कॉन्फिग, डेटाबेसमधल्या सेटिंगच्या टेबलात पण. एखादा तुकडा कधीच चालणार नाही हे सगळ्या प्रोग्रामसाठी अचूक सांगणारं टूल कुणी बनवूच शकत नाही, ट्युरिंगने १९३६ मध्ये जे सिद्ध केलं त्यातूनच ते निघतं, त्यामुळे तुमच्या टूलवर फार रागावू नका. टूल संशय दाखवतं. पुरावा आपण गोळा करायचा.

प्रश्न: पुरावा म्हणून आम्ही फंक्शनमध्ये लॉग टाकून ठेवलाय. किती दिवस थांबायचं? एक महिना पुरे का?
(घाईत असलेली)

उत्तर: माझंच सांगते म्हणजे तुम्हाला घाई करावीशी वाटणार नाही. एका जुन्या नोकरीत मी असंच एका फंक्शनला लॉग लावला, हिशोब जुळवायची फाइल बनवणारं फंक्शन होतं, सहा आठवडे वाट बघितली, एकही ओळ आली नाही. ग्रेप शून्य. उडवलं, रिव्ह्यूला दोघांनी शाबासकी पण दिली. पुढे तीन आठवड्यांनी अकाउंट्समधून विचारणा, की यावेळची फाइल आली नाही का? ते फंक्शन दर तिमाहीला एकदा चालायचं. दुसऱ्याच सर्व्हरवरच्या क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारा), दुसऱ्याच रिपोमधल्या (कोडच्या साठ्यातल्या) शेल स्क्रिप्टने, आणि स्क्रिप्टच्या शेवटी सगळा आउटपुट डेव्ह-नलमध्ये, म्हणजे कचऱ्यात ढकललेला, त्यामुळे ते फेल झालं हे कुणालाच कळलं नाही. कमिट रिव्हर्ट करायला, म्हणजे तो बदल मागे घ्यायला दहा मिनिटं लागली. फाइल का आली नाही हे शोधायला दोन दिवस.

तेव्हा दिवस मोजायच्या आधी त्या धंद्याचं कॅलेंडर विचारायचं. काय काय महिन्याला होतं, काय तिमाहीला, काय वर्षअखेरीला. पासवर्ड रीसेटचं फंक्शन असेल तर एक आठवडा पण पुष्कळ झाला, आणि टॅक्सचं काही असेल तर वर्षाचं एक चक्र बघितल्याशिवाय हात लावू नका.

लॉग कसा टाकता त्यालाही महत्त्व आहे. या प्रकाराला टूमस्टोन म्हणतात, थडगं. ओळ साधीच असते: "थडगं, १५ मार्च, जुना इन्व्हॉइस मेल", म्हणजे कुठल्या तारखेला आपल्याला हा मेलाय असं वाटलं ते आणि त्याचं नाव. ज्या दिवशी ही ओळ लॉगमध्ये उमटेल त्या दिवशी मेलेला माणूस चालत आला. आता बऱ्याच ठिकाणी लॉगचं सॅम्पलिंग असतं, शंभरातली एकच ओळ ठेवतात. थडग्याच्या ओळीला सॅम्पलिंग लावलंत तर मेहनत वाया, कारण तुम्ही वर्षातून चारदा होणारी गोष्ट शोधताय आणि तीच नेमकी गाळली जाणार. शिवाय जुने लॉग किती दिवसांनी पुसले जातात ते बघा. ३० दिवसांनी पुसले जात असतील तर तीन महिने थांबून काय उपयोग? त्यापेक्षा डेटाबेसमध्ये एक काउंटर आणि शेवटची वेळ, एवढं ठेवलेलं बरं. रुबीवाल्यांना कव्हरबँड आहे, प्रॉडक्शनमध्ये कुठल्या ओळी खरंच चालल्या ते दाखवतं.

बाहेरच्या लोकांनी वापरायचा एपीआय (त्यांच्या प्रोग्रामने तुमच्या सिस्टीमशी बोलायचं दार) असेल तर गोष्टच वेगळी, तिथे कोण वापरतंय ते तुमच्या कोडमध्ये दिसणारच नाही, ॲक्सेस लॉग बघायचा, आधी कळवायचं, बंद व्हायची तारीख सांगणारा सनसेट नावाचा हेडर (उत्तराबरोबर जाणारी टीप) असतो तो पाठवायचा. लोक मेल वाचत नाहीत आणि हेडर तर त्याहून नाही. म्हणून खरं काम करते ती युक्ती म्हणजे आधी सांगून दहा मिनिटं तो एपीआय बंद ठेवायचा. लगेच फोन येतात, कोण वापरतंय ते आपोआप कळतं.

प्रश्न: कमेंट केलेला कोड ठेवावा का? परत लागला तर?

उत्तर: नाही. कोडचा सगळा इतिहास ठेवणारं गिट आहे कशाला? आणि "परत सापडणार कसा" म्हणणाऱ्यांसाठी, गिट लॉगला कॅपिटल एस हा ऑप्शन देऊन पुढे फंक्शनचं नाव लिहायचं, ते नाव ज्या ज्या कमिटमध्ये आलं किंवा गेलं ते सगळे कमिट मिळतात. बारा वर्षांत असा कोड परत आणायची वेळ माझ्यावर दोनदा आली, त्यातलं एक वर सांगितलेलं.

प्रश्न: मी दोन शनिवार-रविवार बसून १४,००० ओळी काढल्या, बिल्ड पास, टेस्ट पास. पुल रिक्वेस्ट (बदल मुख्य कोडमध्ये घ्या अशी विनंती) टाकली तर लीडने एका ओळीत नाकारली, "रिस्की". एवढी मेहनत करून हे? वर अप्रेजलमध्ये डॅशबोर्डवर माझ्या ओळी उणे दिसतात, बाजूचा मित्र चिडवतो.
(वैतागलेला)

उत्तर: रागावू नका, पण लीडच्या जागी मी असते तर मीही नाकारली असती. १४,००० ओळींचं डिलीट कोण वाचणार? आणि सोमवारी काही फुटलं तर त्यातली कुठली ओळ गेली म्हणून फुटलं हे कसं शोधणार, अख्खं रिव्हर्ट करावं लागणार. तीच मेहनत तीस तुकड्यांत टाका. एका तुकड्यात एकच फीचर, आणि फक्त काढाकाढी, "इथे आलोच आहे तर नाव पण बदलतो" असलं काही नाही. वर दोन ओळीत पुरावा लिहा, थडगं कधी लावलं, किती दिवस शांत, कुठे कुठे शोधलं. असं असलं की रिव्ह्यूला पाच मिनिटं लागतात आणि लीडला रिस्की म्हणायला कारण उरत नाही.

क्रम पण असतो. आधी दार बंद करायचं, म्हणजे बटण, रूट (पानाचा पत्ता), मेनू. मग त्याच्या मागची फंक्शनं. मग त्यांच्या टेस्ट, भाषांतराच्या स्ट्रिंग, कॉन्फिग, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, हे हमखास विसरतात. मग पॅकेज. डेटाबेसचा कॉलम सगळ्यात शेवटी, आणि तोही कोड काढलेल्या रिलीजबरोबर नाही, त्याच्या पुढच्या रिलीजला. कारण डिप्लॉय होताना, म्हणजे नवीन कोड सर्व्हरवर चढताना थोडा वेळ जुना कोड आणि नवीन कोड दोन्ही चालू असतात आणि जुना कोड तो कॉलम मागत असतो. काही ओआरएम (डेटाबेसशी बोलणाऱ्या लायब्ररी) तर कॉलमची यादी सुरू होतानाच पाठ करून ठेवतात, रुबीच्या रेल्स फ्रेमवर्कमध्ये त्यासाठी आधी कॉलम इग्नोअर करायची सोय आहे. कोड गिटमधून परत येतो, कॉलममधला डेटा येत नाही.

तुमच्या यादीत फीचर फ्लॅग असतील तर ते आधी घ्या, त्यात माल जास्त असतो. दीड वर्ष १०० टक्के चालू असलेला फ्लॅग म्हणजे त्याची एल्सवाली (फ्लॅग बंद असतानाची) बाजू मेलेलीच की. उबरमध्ये हे इतकं साठलं होतं की त्यांनी असे शिळे फ्लॅग काढायला पिरान्हा नावाचं टूल बनवलं, २०२० मध्ये ओपन सोर्स पण केलं.

आणि उणे ओळींचं म्हणाल तर मित्राला सांगा, आपल्या आधी मोठी माणसं होऊन गेलीत. १९८२ मध्ये ॲपलच्या लिसा कॉम्प्युटरच्या टीममध्ये मॅनेजरांनी दर आठवड्याला किती ओळी लिहिल्या त्याचा फॉर्म भरायला लावला. बिल ॲटकिन्सनने नुकताच क्विकड्रॉचा (स्क्रीनवर चित्रं काढणारा कोड) एक भाग परत लिहून तो कितीतरी पट वेगवान केला होता आणि त्यात २,००० ओळी कमी झाल्या होत्या, तर पठ्ठ्याने फॉर्मवर उणे २००० लिहून दिलं. काही आठवड्यांनी त्याच्याकडे फॉर्म मागायचं बंद झालं. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीत हार्टब्लीड नावाची सुरक्षेची मोठी चूक सापडल्यावर ओपनबीएसडी ऑपरेटिंग सिस्टीमवाल्यांनी तिची कॉपी घेऊन पहिल्या आठवड्यातच ९०,००० ओळी सी कोड उडवला, त्यात १६ बिटांच्या विंडोजसाठी ठेवलेला कोडसुद्धा होता. लिनक्स कर्नलमधून २०१८ मध्ये एका फटक्यात आठ प्रकारच्या प्रोसेसरचा सपोर्ट गेला, जवळजवळ पाच लाख ओळी. गूगलमध्ये तर सेन्सेनमान नावाचा बॉटच आहे, जर्मनमध्ये विळा घेऊन येणारा मृत्यू, तो बिल्ड आणि रनटाइमच्या नोंदी बघून मेलेला कोड शोधतो आणि डिलीटचा बदल बनवून त्या त्या टीमकडे मंजुरीला पाठवतो, २०२३ पर्यंत त्याने त्यांचा जवळपास ५ टक्के सी++ कोड काढला होता. बघा, तोही छोटे छोटे तुकडेच पाठवतो, आणि मंजुरी माणूसच देतो.

प्रश्न: तुम्ही स्वतः कधी न चालणारा कोड मुद्दाम ठेवलाय का, खरं सांगा?

उत्तर: ठेवलाय. न चालणारा आणि न लागणारा यात फरक आहे. बॅकअपवरून डेटाबेस परत उभा करायची एक स्क्रिप्ट आमच्याकडे आहे. दोन वर्षं एकदाही चालली नव्हती, कुठूनच कॉल नाही, थडगं लावलं असतं तर ते पण शांतच राहिलं असतं, आणि एका नवीन मुलाने सगळे नियम पाळून, पुरावा लिहून ती काढायची पुल रिक्वेस्ट टाकली. मी नाही म्हणाले. तो म्हणाला, मग ती चालते हे तरी कशावरून? उत्तर नव्हतं माझ्याकडे. त्याच दुपारी आम्ही दोघांनी बसून ती टेस्ट सर्व्हरवर चालवून बघितली, तर तिसऱ्याच ओळीवर पडली, बॅकअप ज्या मशीनवर शोधत होती ते मशीनच वर्षापूर्वी बंद केलेलं. दुरुस्त केली, आणि आता ती दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आपोआप चालते. त्या मुलाची पुल रिक्वेस्ट मी बंद केली नाही, त्यातच ही दुरुस्ती टाकायला लावली.